वाचकांचे प्रश्न : रॅलीच्या एस्कॉर्टमधला कोणता भाग कुठला?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं फोर्ड एस्कॉर्टच्या पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहेत. ब्रिटनची आरएसी रॅली १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं एस्कॉर्टनेच जिंकली. त्यामुळे त्या काळात खरोखर धावलेल्या, नंतर रॅलीसाठी बांधलेल्या आणि फक्त तशा दिसणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या आज बाजारात एकत्र आहेत. या गाड्यांचे भाग एकमेकींना सहज बसत असल्यामुळे बाहेरच्या पाटीवरून आतलं काही ठरवता येत नाही. मोजून मात्र बरंच ठरवता येतं. शेवटी मिनी आणि साबबद्दलचे दोन प्रश्न आहेत.

प्रश्न : पहिल्या पिढीच्या एस्कॉर्टला चार गिअरचा बॉक्स आहे. विकणारा म्हणतो, हा मेक्सिको मॉडेलमधला, म्हणजे मूळ फोर्डच्याच कोर्सेअर २०००ई गाडीचा जवळच्या गुणोत्तरांचा बॉक्स आहे. न उघडता खात्री करता येईल का? मागच्या एक्सलचं गुणोत्तरही काढायचं आहे.

उत्तर : दोन्ही कामं अर्ध्या तासात होतात. खडू, पाना, दोन भक्कम स्टँड आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं.

पुढच्या चाकांना अडणी लावा, मागचा भाग उचला आणि स्टँड एक्सलच्या नळ्यांखाली ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. क्रँकच्या पुलीवर एक खूण करा आणि प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकावर दुसरी. पहिला गिअर टाका, पुली नेहमीच्या दिशेने थोडी फिरवून सगळी ढिलाई काढून घ्या आणि मगच खडूच्या खुणा करा. ढिलाई न काढता मोजलं की पाव फेरा सहज चुकतो.

आता क्रँक बरोबर ३० फेरे फिरवा आणि मदतनिसाला शाफ्टचे फेरे मोजू द्या. २०००ई बॉक्समध्ये पहिल्याचं गुणोत्तर २.९७ आहे, म्हणून शाफ्ट १० फेऱ्यांच्या किंचित पुढे जाईल. साध्या १३०० चा बॉक्स असेल तर गुणोत्तर ३.६६ आणि फेरे ८.२. फरक इतका ठळक आहे की शंका उरत नाही. दुसराही मोजा, कारण पहिल्या पिढीच्या आरएस २००० च्या बॉक्सचा पहिला गिअरही ३.६५ चा आहे. दुसऱ्यात ३० फेऱ्यांना साध्या बॉक्सचा शाफ्ट १३.७, २०००ई चा १४.९ आणि आरएस २००० चा १५.२ फेरे फिरतो. शेवटच्या दोघांत अंतर कमी असलं तरी पहिल्या गिअरचा आकडा सोबत घेतला की निकाल लागतो. चौथा तिन्हींत सरळ, एकास एक. तो मोजण्यात अर्थ नाही.

एक्सलसाठी गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. आधी एक मागचं चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्याकडे बघा. ते उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शिअल साधं आहे. त्याच दिशेने फिरलं तर आत चकत्यांचं लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांच्या फिरण्यातला फरक रोखणारं डिफरन्शिअल) आहे किंवा कुणीतरी दात वेल्डने जोडून टाकले आहेत. चकत्या फार झिजल्या असतील तर चाक जोर लावल्यावर उलटही फिरतं, तेव्हा हाताला किती अडथळा लागतो तेही लक्षात ठेवा.

साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक पक्कं धरून दुसरं २० फेरे फिरवा. एकच चाक फिरत असल्यामुळे क्राउन, म्हणजे एक्सलमधलं मोठं दातेरी चक्र, १० फेरे फिरतो. इथेच बहुतेकांचा घोळ होतो : २० ने भागून गुणोत्तर अर्धं येतं आणि ‘असला एक्सल नसतोच’ असं पत्र येतं. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं एकत्र १० फेरे फिरवा. दोन्ही पद्धतींत शाफ्टचे फेरे १० ने भागायचे.

३५.५ च्या आसपास आलं तर गुणोत्तर ३.५४, म्हणजे क्राउनला ३९ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला, पिनियनला, ११ दात. हे पहिल्या आरएस २००० चं. ३७.८ आलं तर ३.७७, म्हणजे ३४ आणि ९ दात : एस्कॉर्टची ट्विन कॅम, आरएस १६०० आणि मेक्सिको ही मॉडेलं. ३८.९ म्हणजे ३५ आणि ९, ४१.२५ म्हणजे ३३ आणि ८. यापुढचे ४.४४ किंवा ५.३ च्या घरातले आकडे आले तर कुणीतरी गाडी रॅलीच्या जंगलातल्या छोट्या टप्प्यांसाठी बांधली होती, असं समजायला हरकत नाही. असा एक्सल घेऊन हमरस्त्याने लांबचा प्रवास केला तर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ओरडत राहील, हे विकत घेण्याआधी मनाशी ठरवा.

प्रश्न : पाच गिअरचा बॉक्स ‘झेडएफ’ (जर्मन कंपनीचा) म्हणून दाखवला गेला. ओळखायचा कसा?

उत्तर : दांडा डावीकडे नेऊन मागे ओढा. रॅलीच्या एस्कॉर्टमध्ये वापरलेल्या जवळच्या गुणोत्तरांच्या झेडएफमध्ये पहिला गिअर तिथे असतो. दुसरा-तिसरा एका रेषेत आणि चौथा-पाचवा त्याच्या शेजारच्या रेषेत येतात, कारण टप्प्यावर सतत लागणारे बदल सरळ पुढे-मागे व्हावेत. पहिला फक्त सुटण्यापुरता.

पक्की खूण मात्र पाचव्यात सापडते. वर सांगितलेल्या रीतीने क्रँक १० फेरे फिरवा. झेडएफचा पाचवा सरळ असल्यामुळे शाफ्टही १० फेरेच फिरेल. शाफ्ट १२ च्या पुढे गेला तर तो १९८० च्या दशकातला फोर्डच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा बॉक्स आहे. त्याचा पाचवा ०.८२ चा, म्हणजे इंधन वाचवण्यासाठी दिलेला. वाईट बॉक्स नव्हे, पण काळ वेगळा, किंमत वेगळी आणि रॅलीच्या दृष्टीने स्वभावही वेगळा.

प्रश्न : ‘अ‍ॅटलस’ आणि ‘इंग्लिश’ एक्सल गाडीखाली गेल्यावर कसे ओळखायचे? आणि अ‍ॅटलस असेल तर काय तपासायचं?

उत्तर : गाडीच्या मागून खाली वाकून बघा. इंग्लिश एक्सलच्या मधल्या फुगीर भागाची मागची बाजू बंद असते, तिथे सुटं झाकण नसतं. डिफरन्शिअलचा सगळा संच पुढच्या बाजूने, प्रॉपेलर शाफ्टकडून, नट काढून एकदम बाहेर येतो. अ‍ॅटलसला मागे बोल्टांच्या कड्याने बसवलेलं पत्र्याचं झाकण असतं आणि क्राउन-पिनियन हाउसिंगच्या आतच बसवलेले असतात. अ‍ॅटलस मूळचा तीन लिटरच्या कॅप्री आणि ट्रान्झिट व्हॅनचा. क्राउन मोठा, त्यामुळे ताकद जास्त आणि वजनही जास्त.

दोघांच्या देखभालीतला फरक रॅलीत जाणवतो. इंग्लिशमध्ये वेगवेगळ्या गुणोत्तरांचे संच बाकावर जुळवून तयार ठेवता येतात आणि गरजेप्रमाणे बदलता येतात. अ‍ॅटलसमध्ये तसं नाही : हाउसिंग ताणून, चकत्या घालून जागेवरच जुळवणी करावी लागते. क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर यावी. डायल गेजने क्राउनवर निदान चार ठिकाणी मोजा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल असेल तर क्राउन वाकडा बसला आहे, बहुधा त्याच्या बैठकीवर कचरा राहिला आहे.

अ‍ॅटलसची महत्त्वाची तपासणी नळ्यांची आहे. कॅप्रीचा एक्सल एस्कॉर्टला रुंद पडतो, म्हणून नळ्या कापून आखूड केलेल्या असतात. वेल्डच्या शेजारी बारीक तडा किंवा तेलाचा पाझर आहे का ते साफ करून बघा. मग दोन्ही हबच्या फ्लँजवर सरळ पट्टी बांधा आणि पट्ट्यांमधलं अंतर चाकाच्या पुढे आणि मागे मोजा. नंतर वर-खालीही मोजा. फरक दिसला तर केसिंग वाकलं आहे. अशी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि चाकाचं बेअरिंग पुन्हापुन्हा खाते. लोक बेअरिंगच बदलत राहतात.

हबच्या मध्यभागी बोल्टांनी बसवलेली वेगळी फ्लँज दिसली आणि चाक न काढता अर्धा शाफ्ट बाहेर ओढता आला तर तो ‘फुल फ्लोटिंग’ प्रकार. यात गाडीचा भार हबवर असतो, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. साध्या प्रकारात शाफ्ट तुटला तर चाकही गाडी सोडून जाऊ शकतं. म्हणून जोरात चालवायच्या गाडीत साधे शाफ्ट असतील तर ते बाहेर काढून, खाचांच्या मुळाशी पीळ पडला आहे का ते बघितल्याशिवाय टप्प्यावर जाऊ नका. खाचांच्या रेषा शाफ्टला समांतर हव्यात. तिरप्या दिसल्या की शाफ्ट बाद.

प्रश्न : इंजिन बीडीए असल्याचं कागदावर आहे. ब्लॉकवर ‘७११एम’ आणि ‘६०१५’ असे आकडे ओतलेले आहेत. हा मूळ ब्लॉक का?

उत्तर : ६०१५ हा फोर्डच्या क्रमांकपद्धतीत ‘इंजिन ब्लॉक’ या भागाचा मूळ आकडा आहे. तो सगळ्याच ब्लॉकवर असतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी माहिती आधीच्या अक्षरांत आहे. ७११एम मधले ७१ म्हणजे १९७१, ते डिझाइन ज्या वर्षाचं त्याचा आकडा. हा फोर्डच्या केंट इंजिनांच्या कुळातला जाड भिंतींचा ब्लॉक असून नंतर अनेक वर्षं बनत राहिला. म्हणजे १९७० सालच्या म्हणून दाखवलेल्या, बीडीए इंजिनाच्या आरएस १६०० मध्ये तो असेल तर ब्लॉक नंतर बदललेला आहे. त्यात गैर काही नाही, रॅलीत ब्लॉक फुटतातच, पण ‘पहिल्यापासूनचं इंजिन’ असा दावा करून किंमत मागितली असेल तर ती मान्य करू नका.

वरचा भाग ओळखणं सोपं आहे. बीडीएला दोन कॅमशाफ्ट, १६ व्हॉल्व्ह आणि पुढे दातेरी पट्टा. त्याआधीच्या एस्कॉर्ट ट्विन कॅममध्येही वर दोन कॅमशाफ्ट आहेत, पण ते लोटसचं १,५५८ सीसीचं इंजिन. त्यात ८ व्हॉल्व्ह आणि पट्ट्याच्या जागी साखळी. मेक्सिकोचं इंजिन पुशरॉडचं आणि १९९३ सीसीचं आरएस २००० चं इंजिन एकाच वरच्या कॅमशाफ्टचं. बीडीएच्या लोखंडी ब्लॉकमध्ये बाजूच्या जुन्या कॅमशाफ्टच्या जागी एक शाफ्ट राहतोच. तो व्हॉल्व्ह उघडत नाही, तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर चालवतो. उघडल्यावर तो ‘उरलेला’ समजून काढून टाकू नका.

आरएस १६०० ची क्षमता कागदावर १,६०१ सीसी लिहिलेली दिसेल. ती चूक नाही. १,६०० च्या वर एक सीसी दाखवल्यामुळे गाडी दोन लिटरच्या गटात गेली आणि संघांना इंजिन त्या मर्यादेपर्यंत वाढवता आलं. म्हणून रॅलीच्या गाडीत कागदाशी न जुळणारा बोअर (सिलिंडरचा व्यास) सापडला तर घाबरू नका, मोजून लिहून ठेवा. १६०० केंटचा मूळ बोअर ८०.९८ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७७.६२ मिलिमीटर. १३०० चाही बोअर तोच आहे, स्ट्रोक ६२.९९ आणि ब्लॉक ठेंगणा. फक्त बोअर मोजून १६०० ठरवणाऱ्यांची फसगत इथे होते.

प्रश्न : बोल्ट कधी १३ च्या पान्याला सैल, कधी घट्ट. एकाच गाडीत असं का?

उत्तर : कारण गाडीत दोन मापं आहेत. केंट इंजिन आणि त्यासोबतचे बहुतेक ब्रिटिश भाग इंची आट्यांचे, तर आरएस २००० चं इंजिन आणि झेडएफ बॉक्स मेट्रिक. ही अडचण ओळखीसाठी उपयोगीही आहे : ब्रिटिश म्हणून दिलेल्या बॉक्सचे मूळ बोल्ट मेट्रिक निघाले तर प्रश्न विचारायला हवेत.

सर्वांत घातक जोडी पाच-सोळांश इंच आणि एम ८ ची. एकाचा व्यास ७.९४ आणि दुसऱ्याचा ८ मिलिमीटर, डोळ्यांना फरक दिसत नाही. आट्यांचं अंतर मात्र एम ८ ला १.२५, इंची जाड आट्यांना १.४१ आणि बारीक आट्यांना १.०६ मिलिमीटर. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो, मग जोर लावला की अ‍ॅल्युमिनिअमचे आटे सोलून निघतात. आटे मोजण्याची पट्टी खिशात ठेवा आणि प्रत्येक बोल्ट पहिले पाच फेरे बोटांनीच फिरवा.

प्रश्न : सहचालकासमोर ‘हाल्डा’ नावाची पेटी आहे, तिला दोन आकडेपट्ट्या आहेत. हे नक्की काय, आणि ते दर दहा किलोमीटरला ९.६२ दाखवतं. दुरुस्त कसं करायचं?

उत्तर : दोन मोजण्या असतील तर ते स्वीडनच्या हाल्डाचं ट्विनमास्टर. एकच असेल तर ट्रिपमास्टर. सरासरी वेग सांभाळणारं घड्याळवजा यंत्र असेल तर स्पीडपायलट. ट्विनमास्टरमध्ये एक आकडा पूर्ण टप्प्याचा आणि दुसरा वळणावळणाला शून्य करायचा. रस्ता चुकून मागे यावं लागलं तर कळीने मोजणी थांबवता किंवा उलटी फिरवता येते. आधी ती कळ सरळ चालीवर आहे ना ते बघा.

ही पेटी स्पीडोमीटरसारख्या केबलवर चालते आणि चाकाच्या मापाशी जुळवण्यासाठी आत दोन दातेरी चक्रं बदलावी लागतात. तुमची पेटी कमी दाखवते, म्हणून गुणोत्तर १० भागिले ९.६२, म्हणजे १.०३९५ पटीने वाढवायचं. समजा सध्या चालवणाऱ्या चक्राला २९ आणि चालणाऱ्याला ३१ दात आहेत. २९ भागिले ३१ म्हणजे ०.९३५५, गुणिले १.०३९५ म्हणजे ०.९७२४. त्याच्या सर्वांत जवळची जोडी ३५ आणि ३६, म्हणजे ०.९७२२. चक्रं उलटसुलट बसवली तर चूक कमी होण्याऐवजी वाढते, म्हणून काढताना कोणतं कुठे होतं त्याचा फोटो घ्या. मोजताना टायरमध्ये रॅलीच्या दिवशीचीच हवा हवी आणि टायर गरम झालेले हवेत.

केबल गिअरबॉक्सवरून आली असेल तर मागची चाकं खडीवर जितकी घसरतील तितकं अंतर जास्त दिसेल. म्हणून पुष्कळ गाड्यांत ती पुढच्या, इंजिनाने न फिरणाऱ्या चाकाला जोडत. पुढच्या हबपाशी रिकामं छिद्र किंवा कंस दिसला तर तो बहुधा त्याचाच अवशेष आहे, भरून टाकू नका.

स्मिथ्सच्या स्पीडोमीटरचीही अशीच परीक्षा होते. तबकडीवर बारीक अक्षरांत एक आकडा असतो, उदाहरणार्थ १,०००. तो एका मैलातले केबलचे फेरे. केबल मीटरमधून सोडवा, टोकाला कागदाचा झेंडा लावा, गाडी १६.०९ मीटर सरळ ढकला आणि फेरे मोजून १०० ने गुणा. आकडे जुळले नाहीत तर मीटर दुसऱ्या गाडीचा आहे किंवा एक्सल बदललेला आहे.

प्रश्न : टॅकोमीटरवर ‘आरव्हीआय’ लिहिलं आहे. नवीन इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून काटा नाचतो.

उत्तर : आरव्हीआय प्रकार कॉइलच्या तारेतून जाणारा प्रवाह मोजतो. ती तार मीटरच्या मागच्या वळशातून गेलेली असते. ‘आरव्हीसी’ कॉइलच्या ऋण टोकावरचा दाब वाचतो. नव्या इग्निशनने प्रवाहाचा आकार बदलतो आणि आरव्हीआय गोंधळतो. मीटर खराब नाही. बाहेरची तबकडी तशीच ठेवून आतली सर्किटची पाटी बदलून घ्या, किंवा जुन्या इग्निशनचे पॉइंट्स परत लावा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला, तेही तबकडीवर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय तार जोडू नका.

याच पत्रात हॉयरच्या दोन घड्याळांबद्दल विचारलं आहे. मास्टर टाइम हे आठ दिवस चालणारं घड्याळ आणि मॉन्टे कार्लो हे बारा तासांचं स्टॉपवॉच, दोन्ही १९५८ पासूनची. जुन्या तबकडीवरचा चमकणारा रंग रेडिअमचा असू शकतो. चमक संपली तरी रेडिअम संपत नाही, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. काच उघडून रंग खरवडू नका, फुंकर मारू नका.

प्रश्न : जुना रोल केज (गाडी उलटल्यावर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) ठेवावा का?

उत्तर : आधी चुंबक लावा. त्या काळात काही गाड्यांत अ‍ॅल्युमिनिअमचे केज असत. चुंबक चिकटला नाही तर तो केज प्रदर्शनासाठी जपून ठेवा, स्पर्धेत त्याच्या भरवशावर बसू नका. पोलादी असेल तर नळीचा व्यास आणि जाडी मोजा. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यास व २.५ जाडी किंवा ५० व्यास व २ जाडी, बाकीच्या नळ्या ३८ व २.५ किंवा ४० व २ अशी मापं आहेत. वाकलेल्या जागी नळी चपटी किंवा सुरकुतलेली नको. पाय जमिनीच्या नुसत्या पत्र्यावर उभे असतील आणि खाली जोडपट्टी नसेल तर उलटल्यावर नळी पत्रा फाडून खाली जाते. सीट बेल्टच्या शिवणीचा रंग उडालेला दिसला तर दोरा कमजोर झाला आहे, मग लेबलवर मुदत उरली असली तरी तो बदला.

प्रश्न : मिनी कूपर एस म्हणून घेतलेल्या गाडीचं इंजिन खरंच १,२७५ एस आहे का?

उत्तर : हेडला अकरा ठिकाणी पकड आहे का ते मोजा. ९९८ च्या साध्या कूपरला नऊ असतात. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूला, बल्कहेडकडे, टॅपेटची सुटी झाकणं आहेत का ते बघा. एसला ती असतात, नंतरच्या साध्या १,२७५ ब्लॉकला नसतात. एसचा बोअर तिन्ही क्षमतांना ७०.६ मिलिमीटरच, स्ट्रोक मात्र ९७० ला ६१.९, १,०७१ ला ६८.३ आणि १,२७५ ला ८१.३. प्लगच्या छिद्रातून पट्टी घालून स्ट्रोकचा अंदाज येतो. गिअरबॉक्स इंजिनाखालीच असून दोघांचं तेल एकच, तेव्हा निचऱ्याच्या चुंबकी बोल्टवर दातांचे कण दिसले तर तेच तेल क्रँकच्या बेअरिंगमध्येही फिरलं आहे. गिअरबॉक्स उघडताना बेअरिंगही बघा.

प्रश्न : साब ९६ मध्ये चालकाच्या पायांजवळ, पुढच्या पडद्याशी एक वेगळी दांडी आहे. ती कशाची?

उत्तर : फ्रीव्हीलची. साबच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधून मिळे. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन चाकांनी फिरत राहिलं तर त्याला तेलच पोचत नसे, म्हणून पाय उचलताच चाकं इंजिनापासून सुटी होण्याची सोय केली. नंतर आलेल्या व्ही ४ इंजिनाला तिची गरज नव्हती, तरी ती राहिली. दांडीने ती बंद करता येते. गाडी उतारावर इंजिनाने अडवत नाही म्हणून क्लच उघडायला निघाला असाल तर आधी ही दांडी बघा.